माप

दर गुरुवारी तो पांढरकवड्याला येतो,
दवाखान्यामागच्या लिंबाखाली पत्र्याची पेटी उघडतो.
शेंडे त्याचं नाव. बोटांवर वाळलेलं प्लॅस्टर,
कानावर निळी पेन्सिल.

तेवीस वर्षं मी लोकांची मापं घेतली,
छाती, कंबर, मुंढा, दंडघेर.
आज स्टुलावर बसले
आणि टेप माझ्याकडे आला.

ओली पट्टी गुंडाळताना त्यानं विचारलं,
"दिवसभर काय करता बाई?"
पायमशीन, म्हटलं.
तो थांबला. पेन्सिल कानावरून काढली.

मग पेटीतून निघत गेलं:
कडक घोट्याचं पाऊल, टाच तेवढी मऊ.
दुसरं रबराचं, चहूकडे लवणारं, अनवाणी चालेल,
"पण जड आहे. काळ्या मातीत अजून शेरभर होईल."
नळी अ‍ॅल्युमिनियमची की स्टीलची.
गुडघ्यावरून चामड्याचा पट्टा,
की आत सिलिकॉनचा मोजा, बुडाला खिळा, टक्‌कन अडकणारा.
"मे महिन्यात त्यात घामाचं तयं होते,"
बाजूचा मोतीराम सोयाम बोलला.
त्याला तर गुडघाही निवडायचा होता,
कुलूपवाला की सुटा,
आणि सकाळपासून तो नुसते खटके वाजवत होता.

रंग दोनच. गहू आणि चहा.
मी माझा हात दोघांच्या मध्ये धरला.
शेंडे म्हणाला, "लुगड्यात कोन पाह्यते?"
मी म्हटलं, "मी."

प्लॅस्टर आवळलं तशी मी बोलत सुटले:
इथे हाड आहे, अर्धं बोट ढील ठेव,
मागची कड खाली घे, वाकवताना काचेल.
मुंढ्याचंही असंच असते,
घट्ट झाला तर हात वर जात नाही,
सैल झाला तर बाई दिवसभर ब्लाउज ओढत बसते.
तो काही न बोलता निळ्या खुणा करत राहिला.

रबराचं घेतलं. चहाच्या रंगाचं.
सकाळी एक मोजा.
दिवस उतरतो तसा खुंट बारीक होतो,
मग दुसरा, दिवेलागणीला तिसरा.

मशीनवर मात्र फजिती.
पाऊल पायडलवर आहे की हवेत, कळेचना.
चाक उलटं फिरे, दोरा तुटे,
एका गणवेशाच्या बाहीला आठ दिवस.

शेवटी पायाला विचारणं सोडलं,
चाकाला ऐकू लागले.
आवाज जड झाला की टाच,
हलका झाला की चवडा.

काल मोतीराम आला, पँटचं कापड घेऊन.
बसताना खटका वाजला, म्हणजे कुलूपवाला.
"मांडीपाशी चेन लावजो,
कुलूप काढाले हात गेला पाह्यजे."
मी टेप सोडवला.
"कोणत्या पायाचं घेऊ?"
"दोन्हीचं घे," तो म्हणाला,
"सारखे नाईत."