आखूड पायाचा चार

दर्यापूर रोडवरच्या जिनिंगमागे, टिनाच्या शेडात,
सरकीच्या रिकाम्या पोत्यांखालून निघाली शेवरोलेट.
बोनेट उचललं तर
उंदरांनी टॅपेट कव्हरवर कापूस आणून
बाळंतिणीची खोली केलेली.

नागपूरचे देवपुजारी साहेब सरळ गुडघ्यावर बसले,
पांढऱ्या पँटीची पर्वा न करता.
जिनवाल्यांचा नातू म्हणाला, "सदतीसची आहे.
पणजोबांनी कोरी घेतली. कागद आहेत."
"कागद ठेवा बाजूला. लोखंड काय म्हणतं बघू."

माझा हात बारीक, म्हणून बाबांनी मला पुढे केलं.
डिस्ट्रिब्यूटरच्या मागे, जिथे टॉर्च पोचत नाही
तिथे बोटं गेली.
मेणासारखं झालेलं काळं ऑइल.
आधी रॉकेलचा बोळा, मग पितळी ब्रश, मग नुसतं नख.
"हळू," साहेब म्हणाले,
"उठून आलेलं अक्षर साच्यातलं असतं,
वाळूत लोखंड ओतलं तेव्हाच जन्मलेलं.
खोल गेलेलं अक्षर कुणीतरी ठोकलेलं.
आपण आधी उठलेल्याला विचारायचं."

बोटांनी वाचलं: महिन्याचं एक अक्षर,
मग तारीख,
मग सात.
नुसता सात.
सदतीसचा की सत्तेचाळीसचा?
ओतणाऱ्याला वाटलं असेल,
दहा वर्षांनी कोण येतो विचारायला.

साहेबांनी वही उघडली. शेजारचा दुसरा ओतीव नंबर
रकान्यातून बोटाने खाली खाली नेला,
आणि चष्मा काढला.
"सत्तेचाळीस."
नातू निंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिला.

पण ठोकलेला नंबर तर कागदावरचाच होता,
आकड्याला आकडा.
फक्त त्याच्याखाली कानशीचे ओरखडे,
पाटी पुसून पुन्हा लिहावी तसे.
मी वर कागद धरला, पेन्सिल आडवी फिरवली
आणि चार उमटला,
एक पाय आखूड असलेला.

हा चार मला माहीत आहे.
आमच्या गंगाळावर आहे, आत्याच्या लग्नाच्या सालात.
गावातल्या कितीक बंड्यांच्या आसांवर आहे.
आबाजींचा चार.
डोमाजी मिस्त्री,
ज्यांच्या ठशांच्या डब्यात नऊ नव्हताच,
सहा उलटा धरून भागवायचे.

बाबा काही बोलले नाहीत. सायकल काढली,
घरून बिस्किटाचा गंजका डबा आणला.
मी चारचा ठसा त्या खाचेत टेकवला.
बसला.
हलवला तरी हलेना.

तेव्हा बाबा बोलले.
"पूर्णेत टरक पडला होता एक. बैलं लावून काढला.
इकडे यायची गाडी बिनपाण्याची चालवून चालवून
इंजिन तडकलेलं.
बुढ्यानं टरकाचं काढून इथं बसवलं,
अन् जुन्याचा नंबर याच्यावर ठोकला.
इन्स्पेक्टरले कागदासारखं लोखंड पाह्यजे होतं ना."

"म्हणजे ओरिजिनल नाही,"
साहेबांना खरंच वाईट वाटलं होतं.

"काऊन नाही जी? इंजिन अस्सल हाय.
गाडी अस्सल हाय.
पाट लागलेला हाय, इतकंच.
संसार तर केला ना तीस वर्सं, बिनबोभाट."

साहेब हसले नाहीत. वहीतली किंमत खोडून
दुसरी लिहिली, ती मला दिसली नाही.
निघताना म्हणाले, तो ठसा द्याल का,
फाइलला जोडतो, पुरावा म्हणून.
पैसे वेगळे.

मी डब्याचं झाकण लावलं.
बाबांच्या मागे कॅरिअरवर बसून घरी येताना
ठसा मात्र मुठीतच राहिला होता.
फाट्यावर मूठ उघडली,
तर तळहातावर चार, लालसर,
लंगडा.
घर येईपर्यंत
कातडी पुन्हा वर आली.