तासिका तत्त्व

माझ्या नेमणुकीच्या कागदावर ‘तत्त्व’ हा शब्द एकदाच येतो,
तासिकेला चिकटून.
साठ मिनिटं उभं राहा, साठ मिनिटांचे पैसे घ्या,
तेही मार्च उलटल्यावर, आले तर.
लाखांदूरला अकरा पोरांपुढे मी सार्वभौमत्व शिकवते
आणि दीडच्या एसटीनं चिचटोल्याला परतते.

उरल्या वेळात जागतिक न्याय.
म्हणजे असं, की समुद्रापलीकडच्या,
जिचं नाव मला कधीच कळणार नाही अशा बाईचं
मी काही देणं लागते का.
अंतर वाढलं की देणं पातळ होतं का, ताकासारखं.
तिसरं प्रकरण दोनदा परत आलंय.
दुसरे परीक्षक लिहितात, मांडणी नेटकी आहे,
उदाहरण मात्र फारच स्थानिक.

उदाहरण आमचा तलाव.
तुडुमापासून निघालेला पाट, पाटावरच्या त्रेचाळीस बांध्या,
आणि पाणी वाटणारा इस्तारी शेंडे,
ज्याच्याकडे घड्याळ आहे पण तो विचारतो कोंबड्याला.

म्हणून ऑक्टोबरात, धान पोटरीवर असताना,
मी रात्री एकला पाळीवर गेले.
वही, पेन, मोबाईलचा उजेड.
‘पारी कोन ठरवते?’ मी त्याच्याच बोलीत विचारलं,
जरा जास्तच त्याच्या बोलीत.
तो म्हणाला, ‘पारी ठरलीच हाये जी. मी फकत फळी उचलतो.’

मी खोदत गेले.
दोघांनाही आजच हवं असेल तर?
ज्यानं पाट उपसायला हात लावला नाही, त्याला?
सांडव्यावरून खालच्या गावाला जातं, ते तुम्ही देता का?
‘देत नाही जी. जाते थे.’
मग ते त्यांचं की तुमचं?
इस्तारीनं बिडी विझवली, परत पेटवली.
‘उतार हाये न तिकडं.’

मी लिहिलं: कर्तव्य की उतार?
खाली दोन रेघा मारल्या.
असं काही हाती लागलं की अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू.
पार परीक्षक दोनच्या टेबलापर्यंत
मला ती ओळ चालत जाताना दिसली.
मी आणखी विचारलं. तो आणखी बोलला,
नातवाचं, सारसांच्या जोडीचं, पूर्वीच्या एका मारामारीचं.
माणसाला कुणी ऐकून घेतंय म्हटल्यावर तो बोलतोच.

मग तो एकदम उठला.
‘बाप्पा! तीन वाजून गेले.’

शेपटीची बांधी लहानाबाईची.
तिची पाळी दोन ते चार.
आम्ही धुऱ्याधुऱ्यानं पळालो, तो पुढे, मी उजेड धरून मागे,
माझी चप्पल एका चिखलात राहिली, अजून तिथेच असेल.
फळी निघाली. पाणी आलं,
आधी आवाजासारखं, मग पाण्यासारखं.

लहानाबाई डोक्याला टॉवेल गुंडाळून बसली होती
कोरड्या कोपऱ्यात, दोनपासून.
ओरडली नाही.
इस्तारीकडे बघितलं, मग माझ्या वहीकडे.
‘एक तास त हे मॅडमच पेल्या.’

चारला पाठमोऱ्या अंधारातून देवराम कापगते आला,
आपली फळी मागायला. पाळी म्हणजे पाळी.
इस्तारीनं त्याला फळी दिली.
मला वाटलं मी काहीतरी बोलेन.
माझा विषयच तो.

आता प्रकरण तिसरं, टीप एक्केचाळीस:
इस्तारी शेंडे, प्रत्यक्ष संवाद, तलावाची पाळ.
नियमावली पान क्रमांक मागते.
मी लिहिते, रात्री दोन ते तीन,
आणि कर्सर तिथेच लुकलुकत राहतो,
कारण तो तास कुणाच्या नावावर टाकायचा
हे नियमावलीत नाही.

समुद्रापलीकडची ती बाई मला अजून दिसत नाही.
लहानाबाई दिसते. रविवारच्या बाजारात
ती वांगी विकते, मी घेते,
ती नीट तोलून देते.
एक वांगं वरून टाकत नाही.