कोरडा भुसा

सेगेदला अजून उजाडायचं असतं, तिसा नदीवर धुकं,
तेव्हा तळघरात रोझालिया एकेक पिंजरा हातावर तोलते.
साखरेच्या उंदरांचा भुसा एका रात्रीत चिंब,
बाटल्या रिकाम्या.
शेपटीच्या टोकाचा थेंब आकडा सांगेल तेव्हा सांगेल,
तिच्या मनगटाला आधीच कळलेलं असतं.

अकरा नंबर हलका लागला.
सुई त्यालाही टोचली होती, ओळीनं पाच दिवस.
तिनं वहीत लिहिलं: ११, कोरडा.
आणि खाली एक रेघ ओढली,
जी ती सहसा ओढत नाही.

वरच्या मजल्यावर बोटोंड म्हणाला,
"औषध लागू पडलं नाही. वगळ."
आजार हटला नाही की म्हणायचं हे वाक्य,
इथं आजार न झालेल्याबद्दल.

मग तो दिवस.
आजारी सात, निरोगी सहा, आणि हा एक.
निरोगी म्हणून कुणी सुटत नाही,
तुलनेलाही यकृत लागतं.
अंगठ्याच्या पेराएवढं, ऊबदार,
द्रव नायट्रोजनमध्ये पडताच चरचरतं
तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखं.
नंतर चिनी मातीच्या खलात, वितळू न देता कुटायचं;
आवाज सुंठेचा.

माझ्या भाषेत यालाच काळीजही म्हणतात,
आणि कुणी सोडून गेलं की तेच तुटतं,
डॉक्टर बोट कुठंही ठेवोत.
एमेशेच्या घरी शनिवारी त्याचे गोळे करून
सूपमध्ये सोडतात, वर अजमोदाची पानं.

यंत्राला एका नमुन्यामागे दीड तास.
दोनशे सहा प्रथिनं वाढलेली, नव्वद घटलेली.
साखर साठवणारी हात आखडून बसलेली,
नवी साखर घडवणारी रात्रपाळीला:
अंगणात पूर,
आणि माजघरात रांजण भरायची घाई.

शेवटची जागा रिकामी होती.
एमेशेनं कुणाला न विचारता तिथं अकरा नंबर ठेवला
आणि शेवटची ट्राम चुकवली.

पहाटे पडद्यावर ठिपके:
निरोगी इकडे, आजारी तिकडे,
आणि मधल्या पांढऱ्या जागेत एकटा एक.
रक्तात साखर नाही, भुसा कोरडा,
तरी चाळीस प्रथिनं जागची हललेली.
रक्ताला पत्ता लागू न देता
यकृतानं काय काय आत घेतलं होतं?

"एका उंदरावरून काही सिद्ध होत नाही,"
बोटोंड म्हणाला, आणि ते खरंच होतं.

तळघरात रोझालिया बाटल्या विसळत होती.
"तो अकरा," तिनं मान वर न करता विचारलं,
"त्याला काय झालं होतं?"
एमेशेला आकडे सांगता आले असते.
"माहीत नाही."
रोझालियानं एप्रनला हात पुसले, वही काढली,
त्या रेघेखाली, तारीख घालून, तेच लिहिलं.
मग नव्या पिंजऱ्यांत नवा भुसा पसरला.
चोवीस आले होते सकाळच्या गाडीनं,
अजून कुठल्याच बाजूचे नसलेले.