धातू

आमच्या तांबट आळीत धातू म्हणजे तांबं, पितळ,
फार तर कल्हईचं कथील.
व्याकरणातला धातू घरात मीच आणला,
संस्कृतची बाई म्हणून शाळेत लागल्यावर.
आप्पा हसायचे. म्हणायचे,
तुझा ठोकून बघ, वाजतो का.

भज्.
मुलींना सांगितलं ते पुस्तकातलं:
भज् म्हणजे सेवा करणे, त्यावरून भजन. लिहून घ्या.
तेहेतीस वर्षं लिहून घेतलं त्यांनी.

काल निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसले होते.
आत रंगनाथदादा, सोपान आणि वकिलाचा पोऱ्या
कागदावर घंगाळं मोजत होते.
बंब थोरल्याला, ऐरण धाकट्याला,
भट्टीची जागा निम्मी निम्मी, मधून पत्रा.
मला हक्कसोड.
इथे सही, इथे, आणि मागे अंगठा.

जाड कोशात एक जुना अर्थ आहे, सेवेच्याही आधीचा.
निवृत्त झाल्यावर दिसला मला.
भज् म्हणजे वाटणे. वाटा देणे, वाट्याला येणे.
भाग त्याचा, भाग्य त्याचं, विभाजनही त्याचंच,
भाज्य, भाजक,
आणि चौथीच्या पोरांना रडवणारा भागाकार.
भक्त म्हणजे ज्याला वाटा मिळाला तो.
भक्त म्हणजे पानात वाढलेलं अन्नसुद्धा,
तेच तोंडातोंडी झिजून झालं भात.

बाकी तेवढी या कुळातली नाही.
अरबी, फारसीच्या वाटेनं आलेली.
उरते तिला बाहेरचीच म्हणायचं.

काल गुरुवार होता.
आप्पा गेले तरी ओट्यावर भजन असतंच.
गंगेकडून वारा येत होता, शेजारची ठोकाठोक थांबली होती.
रंगनाथदादा खांबाशी, सोपान पार उंबऱ्याजवळ,
मध्ये आळीतली माणसं, कुणी विषय काढेना.
टाळ यादीत नव्हते. कुणाच्या ध्यानातच आले नाहीत.
आप्पांनी ओतलेली जोडी, एक वाटी जराशी जड,
दोरी तेलकट, काळी.
गाठ नखांनी सुटेना, दातांनी सोडवली.
जड वाटी दादाला दिली,
दुसरी सोपानला.

दोघंही हातातल्या वाटीकडे बघत बसले,
चुकून दुसऱ्याचं पत्र आल्यासारखे.

मी आत गेले.
वहिनीनं भात टाकला होता, कितीजणांचा ते न विचारता.
झाकण काढलं, चष्म्यावर वाफ आली,
तेवढ्यात ओट्यावर काहीतरी वाजलं,
बेताल,
एकदाच.