उरलेला स्क्रू

बितोममध्ये घरं खाली जातात.
एकदम नाही. वर्षाला बोटभर, कधी दोन बोटं.
जिथला कोळसा उपसला तिथली पोकळी
आपली उधारी सावकाश वसूल करते.

ब्रोनिस्वावा आत्यानं एकतीस वर्षं ट्राम चालवली.
आता तिला खाण कंपनीला पत्र टंकायचं होतं,
स्वयंपाकघरातल्या भेगेबद्दल.
हातानं लिहिलेली चार गेली होती,
चारही गिळून कंपनी गप्प.
"छापील अक्षराला ते भितात," ती म्हणाली.
संगणकाला पैसे नव्हते.
होता माझा गेम कन्सोल, काळा, ठोकळ्यासारखा,
ज्यात मी आधीच चिप डकवलेली,
चोरीचे खेळ खेळायला.
हे मी तिला सांगितलं नाही.
तिनं विचारलंही नाही.

रबरी पायांखाली लपलेले स्क्रू,
लेबलाखाली आणखी दोन.
झाकण निघालं तेव्हा आत धूळ होती
आणि एक मेलेली माशी, पंख्याच्या पात्याशी.
आत्यानं ती चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकली.
"याला कुलूप कुणी घातलेलं?"
"बनवणाऱ्यानं."
"विकल्यावरही किल्ली त्याच्याकडेच?"
"हो."
"म्हणजे आपल्या घरासारखंच,
वरचं आपलं, खालचं त्यांचं,"
आणि ती क्लुस्की वळायला निघून गेली.

कीबोर्डला बसेल असं भोक त्याला नव्हतं.
एका कंट्रोलरची वायर कापली,
लाल लालला, हिरवी हिरवीला,
पिवळी कुणाचीच नाही, तिला टेप गुंडाळून गप्प केली.
डाग देताना राळेचा धूर पडद्यात शिरला
आणि महिनाभर तिथंच राहिला.

पहिली डिस्क वाचली नाही.
दुसरी अर्ध्यात अडली.
तिसरी मी शर्टाला पुसली, सरकवली,
आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या,
थांबेना, समजेना,
वरच्या कोपऱ्यात एक पेंग्विन, पोट पुढे काढून.
आत्या पीठाच्या हातांनी दारात उभी.
"हा काय म्हणतोय?"
"स्वतःत काय काय आहे ते मोजतोय."
"किती आहे?"
"चौसष्ट."
"माझ्याइतकंच," ती म्हणाली. त्या मार्चमध्ये तिला चौसष्ट पूर्ण झाली होती.

जुन्या टीव्हीची चौकट कडा खायची.
प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर काचेमागे दडायचं.
ती बिनदिक्कत टंकत गेली, एका बोटानं,
जणू घंटी वाजवतेय वळणावर.
अडली फक्त स्वतःच्या नावाशी.
त्यातलं ते अक्षर, ज्याच्या पोटातून
आडवी काडी जाते,
तिथं प्रश्नचिन्ह यायचं.
"मला विचारतोय, मी कोण म्हणून?"
ते दुरुस्त करायला मला दोन रात्री लागल्या.

झाकण लावलं, तर एक स्क्रू उरला.
टेबलावर ठेवला.
तो थोडा थांबला,
मग आपला आपण निघाला,
साखरेच्या डब्याला वळसा घालून
खिडकीच्या दिशेनं, कडेवरून खाली, टिक्.
आम्ही दोघं बघत राहिलो.
"पुन्हा ठेव," ती म्हणाली.
पुन्हा ठेवला. पुन्हा तसाच.
तिसऱ्यांदा तिनं घड्याळ लावलं.

पत्रात भेगेची एक ओळ राहिली.
बाकी सगळं स्क्रूचं होतं:
कुठून निघतो, कुठं पडतो, किती सेकंदांत,
ऑक्टोबरात अकरा, जानेवारीत नऊ.
सही निळ्या शाईत, काडीसकट.

फेब्रुवारीत दोन माणसं आली, टोप्या हातात घेऊन,
भेगेवर प्लास्टरची पट्टी चिकटवून तारीख लिहून गेली.
मी कन्सोल परत मागितला नाही.
परवा गेलो तर चालूच होता, पंखा घरघरत,
पडद्यावर अर्धं पत्र, या वेळी नगरपालिकेला,
ट्रामच्या थांब्यावर बाक हवं म्हणून.
स्क्रू खिडकीखाली फरशीवर पडलेला.
"राहू दे तिथंच," ती आतून म्हणाली,
"आत्ता कुठं खाली पोचलाय."