रात्रपाळी, टूसॉन

आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो,
मध्ये सात-सात मिनिटं.
तारे जागचे हलत नाहीत.
हलेल ते आपलं गिऱ्हाईक.

कॉम्प्युटर शंभर ठिपके दाखवतो, नव्वद खोटे:
कॅमेऱ्यातला डाग, कुठल्याशा किरणाचा ओरखडा,
कुणाचा तरी उपग्रह घाईत निघालेला.
तांदूळ निवडावेत तसं मी आभाळ निवडते,
फक्त खडा ठेवते
आणि तांदूळ टाकून देते.

माहेर मेहकरचं. लोणार एसटीनं तासाभरावर.
सहलीत बाई म्हणाल्या, इथं आभाळातून दगड पडला.
देवळातले गुरव म्हणाले, लवणासुर होता,
देवानं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं.
मी दोन्ही वहीत लिहून घेतलं.
मग विचारलं, पडायच्या आधी कुणी पाहिला होता का?
बाई म्हणाल्या, रांग मोडू नकोस.

काल पावणेदोनला एक सापडला.
पहिल्या फोटोत इथं, चौथ्यात बोटभर पुढं.
जवळ आल्याशिवाय कुणी इतकं पळत नाही.
आकडे पाठवले. हवाईवाल्यांनी पाहिला,
मग न्यू मेक्सिकोतल्या एका निवृत्त दंतवैद्यानं,
अंगणातल्या दुर्बिणीतून.
सैल दोरा ओढावा तशी कक्षा आवळत आली.
आकार: फ्रिजएवढा.
वेळ: पाच बारा.
जागा: पॅसिफिक, जिथं नकाशात नुसता निळा रंग.

यात काही करायचं नसतं.
कुणाला उठवायचं नसतं.
तरी पाच दहाला घुमटाबाहेर आले, थर्मास घेऊन.
खाली शहराचे पिवळे दिवे.
पाच बारा झाले.
पाच तेरा झाले.
काही दिसलं नाही, दिसणारही नव्हतं.
साडेचार अब्ज वर्षं वाट तुडवत आलेला,
आणि त्याला ओळखणारे आम्ही तिघं,
त्यातला एक दंतवैद्य.

सहाला लुसिल आंतोन येते, घाटातला बर्फ काढायला.
गाडीची काच खाली करून रोजचाच प्रश्न:
वाचलो का आज?
म्हटलं, पडला. समुद्रात. कुणाला लागलं नाही.
ती जरा गप्प. मग म्हणाली,
माशांना विचारलंस?
आणि पुढचं फाळ खाली टेकवून
खरवडत निघून गेली.

दिवसा मी खिडक्यांना फॉइल लावून झोपते.
दुपारी दोन चाळीसला
छपरावर धप्प.
ताडकन उठून बसले.
बाहेर कुंपणापाशी शेजारचा इग्नासिओ,
वय आठ, दोन्ही हात पाठीमागं.

वस्तू: टेनिसचा चेंडू. व्यास साडेसहा सेंटिमीटर.
उगम: शेजारचं अंगण.
पूर्वसूचना: नाही.

शिडी लावली, पन्हाळीत अडकलेला काढला,
दिला परत फेकून.
विचारलं, पुन्हा येईल?
मुलगा खरं बोलणारा आहे.
हो, म्हणाला.