मोर्तब

बातुमीच्या धक्क्यावरून निघताना
आईनं रजया घेतल्या, बाबांनी शिक्का.
जहाजात मी त्या पिशवीवर डोकं टेकून झोपले
आणि कॉन्स्टँटिनोपलला उठले तेव्हा
गालावर प्रजासत्ताकाचं नाव उमटलेलं,
सुलट, वाचता येईल असं.
आईनं थुंकी लावून चोळलं. संध्याकाळपर्यंत राहिलं ते.

पॅरिसची वकिलात म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या.
सरकार पडून पाच वर्षं झालेली.
तरी एकदा खराखुरा प्रवासी आला,
लिऑनचा रेशीमवाला, वर्तमानपत्र न वाचणारा.
बाबांनी त्याला व्हिसा दिला.
फी घेतली. पावती फाडली.
रात्री जेवताना आई हसत सुटली, मग थांबेचना.

वरच्या खोऱ्यातल्या एका गावाचं नाव
आमच्या घरात कुणी घेत नसे.
तिथला एक म्हातारा आला, टोपी हातात.
बाबांनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.
"त्या हुकमावर सही तुमची होती."
"होती," बाबा म्हणाले.
मग लेखणी बुडवली,
त्याचा पासपोर्ट लिहिला सावकाश, वळणदार,
ज्या देशात जाता येत नाही त्या देशाचा.
फी माफ.
म्हाताऱ्यानं पैसे मोजून टेबलावर ठेवले तरीही.

तेहतीस साली फ्रेंच सरकारनं मॉस्कोशी दोस्ती केली
आणि आम्हाला चार ओळी कळवल्या.
पाटी काढायला बाबांनी भाजीची सुरी नेली.
भिंतीत चार भोकं राहिली;
घरमालकानं अनामतीतून तेवढे पैसे कापले.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
आमच्याकडे वासेसुद्धा भाड्याचे होते.

पुढे लववीलच्या मळ्यात घेवडा.
माजी अर्थमंत्री सिलोवानकाका आणि बाबा
दोन काठ्यांमधल्या अंतरावरून
आठवडा आठवडा बोलत नसत.
बाजारात शेंगा मीच विकायची,
त्यांना भाव सांगताना घसा बसायचा.

जिनिव्हाला पत्रं मात्र जातच राहिली.
नकला माझ्याकडे आहेत, एकशे सहा.
कुणालाही उत्तर नाही.
शिक्का मेजाच्या खणात होता, तेल लावलेला,
पण तेहतीसनंतर त्यांनी तो उठवला नाही.
कायदा जाणत होते.
फक्त सहीखाली जागा सोडत,
मुठीएवढी, गोल.

कागद मिळत नव्हता त्या युद्धाच्या दिवसांत
मी त्या कोऱ्या गोलात दुधाचा हिशेब लिहिला आहे.
त्यांनी पाहिलं होतं.
एका ठिकाणी बेरीज चुकली होती,
ती दुरुस्त केलेली आहे, त्यांच्या अक्षरात.